कलम कसलं, आंब्याचं की घटनेचं?

गेल्या गणपतीत देवगडच्या घरी पडवीत बसून मी आत्याला सातबारा वाचून दाखवत होते. आत्या सातवीपर्यंत शिकलेली आहे, पेपर रोज वाचते. पण सातबारा वाचणं ही वेगळीच विद्या आहे. डावीकडे भोगवटादारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या, रकान्यात बाबांचं आणि काकांचं नाव होतं. आत्या वाती वळत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं मान वर केली.

"तुझ्या त्या घटनेत म्हणतंस बाईमाणसाक सारखो हक्क आसा. मगे ह्या कागदार माझा नाव कित्याक नाय?"

नाव होतं, पण उजवीकडे, 'इतर हक्क' या रकान्यात. तिथं सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो, शेजाऱ्याची पायवाट असते, विहिरीच्या पाण्यातला वाटा असतो. या सगळ्यांच्या खाली, माहेरच्या आडनावासकट, आमची आत्या.

"म्हंजे मी पायवाट गो?" ती हसत म्हणाली. काका उठून अंगणात गेले.

कणकवलीत वकिलाच्या ऑफिसात मी रोज असे कागद बघते, आणि आत्याचाच प्रश्न वेगवेगळ्या बायका वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. घटनेत समानता आहे ना, मग ती घरापर्यंत का पोचत नाही? त्या दिवशी मी कलम चौदा, कलम पंधरा असं सुरू केलं, तर आत्या म्हणाली, "कलमां आमच्या बागेत छत्तीस आसत, ही आणि खंयची?" म्हणून हे जरा सावकाश सांगते.

२६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेत कलम १४ म्हणतं की कायद्यापुढं सगळे सारखे. कलम १५ त्याच्या पुढं जाऊन धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी नावंच घेतं: केवळ या कारणांवरून राज्य कोणत्याही नागरिकाशी भेदभाव करणार नाही. कलम १६ हेच सरकारी नोकरीला लावतं. मताच्या हक्कासाठी तर निराळी तरतूद आहे, बाई म्हणून कुणाचं नाव मतदारयादीतून वगळता येत नाही. आपल्याकडच्या बायकांना मतासाठी पहिल्या निवडणुकीपासून वेगळी लढाई करावी लागली नाही, हे आपण इतकं सवयीचं करून घेतलंय की त्याची किंमत कळत नाही.

आता कलम १५ मधला एक शब्द पाहा: 'राज्य'. म्हणजे केंद्र आणि राज्य सरकार, संसद, विधिमंडळ, झेडपी, नगरपंचायत, अगदी तुमची ग्रामपंचायतसुद्धा. या सगळ्यांचे हात या कलमानं बांधलेत. बाबांचे आणि काकांचे नाहीत. ग्रामपंचायतीनं 'नळजोडणी फक्त पुरुषाच्या नावे' असा ठराव केला, तर तो कोर्टात टिकणार नाही. पण काकांनी बहिणीला वाटा द्यायला टाळाटाळ केली, तर कलम १५ दाखवून त्यांना थेट काही करता येत नाही. आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

याच कलमाचा दुसरा भाग मात्र माणसामाणसांतही लागू होतो. दुकानं, हॉटेलं यांत जायला आणि सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला कुणीही कुणाला अडवू शकत नाही. घटनेसारख्या गंभीर पुस्तकात विहीर आणि तलाव कसे आले असं वाटत असेल, तर महाड आठवा. आपल्याच कोकणातलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा माणूस पुढं मसुदा समितीचा अध्यक्ष होता, आणि त्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या तळ्याची लढाई जातीवरून होती हे खरं. पण कलम लिहिताना जात आणि लिंग एकाच ओळीत शेजारी बसले. त्यामुळं पाणवठ्यावर दलिताला अडवता येत नाही, त्याच ओळीनं बाईलाही.

"लिहून काय होतं?" हा आमच्याकडचा आवडता प्रश्न. लिहिलेलं कुठं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. शासनाचा जीआर मंत्रालयातून बदलतो. कायदा सभागृहातल्या साध्या बहुमतानं बदलतो. घटनेचं कलम बदलायला दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर घटनेचा मूळ गाभा संसदेलाही काढून टाकता येत नाही. याउलट एखादा कायदा मूलभूत हक्कांच्या आड आला, तर कलम १३ प्रमाणे तो तेवढ्यापुरता रद्द. म्हणजे घटनेत लिहिलेली ओळ ही इतर कायद्यांना तपासायचा मापदंड होते.

ती ओळ नसली तर काय होतं, ते बघायला अमेरिकेकडं पाहावं लागेल. जगाला लोकशाही शिकवणाऱ्या त्या देशाच्या राज्यघटनेत 'स्त्री-पुरुषांना समान हक्क' असं वाक्य आजही नाही. १९२० मध्ये बायकांना मत मिळालं. ॲलिस पॉल या बाईनं १९२३ मध्ये समान हक्कांच्या दुरुस्तीचा मसुदा पुढं आणला. साधी मागणी होती: कायद्यानं मिळणारे समान हक्क लिंगाच्या कारणावरून नाकारले जाणार नाहीत. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो मंजूर करायला १९७२ उजाडलं. त्यानंतर ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी होती. आधी १९७९ ची मुदत होती, ती वाढवून १९८२ केली, तरी आकडा ३५ वर अडकला. मधल्या काळात पाच राज्यांनी दिलेली संमती परत घेतली. मग नेव्हाडानं २०१७ मध्ये, इलिनॉयनं २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियानं २०२० मध्ये होकार दिला, ३८ झाले. पण मुदत संपून गेली होती ना! जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी पद सोडता सोडता ही दुरुस्ती घटनेचा भाग झालीय असं आपलं मत सांगितलं, पण अभिलेखागारानं ती प्रसिद्ध केलेली नाही. शंभर वर्षं झाली, एका वाक्यासाठी.

मग तिथल्या बायका कोर्टात काय दाखवतात? यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये घटनेत आलेलं समान संरक्षणाचं एक सर्वसाधारण वाक्य. ते बायकांनाही लागू होतं हे मान्य व्हायला १९७१ साल यावं लागलं. आयडाहो राज्यात सॅली रीड यांचा मुलगा वारला. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी बघायची, आईनं की वेगळं राहणाऱ्या बापानं? राज्याचा कायदा स्पष्ट होता: दोघांचा हक्क सारखा असेल तर पुरुषाला आधी पसंती. सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. ती गोष्ट वाचताना मला आमचा सातबाराच आठवतो. वारस दोघंही, पण डावा रकाना एकाचा.

आता कोणी म्हणेल, ओळ नसतानाही सॅली रीड जिंकल्याच की. जिंकल्या. पण उसन्या वाक्यावर. त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी पुढं एका मुलाखतीत उघड सांगितलं होतं की लिंगावरून भेदभाव करायला अमेरिकेची घटना बंदी घालत नाही. आपल्याकडं कुठल्याही न्यायमूर्तीला असं म्हणता येणार नाही, कारण 'लिंग' हा शब्द कलमात छापलेला आहे.

छापलेला असला तरी पळवाटा निघतात. त्यासाठी कलम १५ मधला दुसरा शब्द: 'केवळ'. केवळ लिंगावरून भेद नको, पण लिंग आणि आणखी काही असेल तर? एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, यांतलं जे आधी घडेल तेव्हा नोकरी सोडावी लागे. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट फेकून दिली, पण लग्नाची अट मात्र राहू दिली. म्हणणं असं की हवाई सुंदरी हा वर्गच वेगळा, भेद केवळ बाई म्हणून नाही. माझ्या मते हा निकाल निम्मा होता.

याहून गमतीची, खरं तर चीड आणणारी गोष्ट व्यभिचाराच्या कायद्याची. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे परक्या विवाहित बाईशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, बाई नाही. आणि तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाईला शिक्षेतून सूट ही तिच्यासाठीची खास तरतूद आहे, घटनेचं कलम १५ उपकलम ३ तशी परवानगी देतं. म्हणजे नवऱ्याच्या मालकीची वस्तू असणं हीसुद्धा सवलतच. ते कलम रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

तरी ते उपकलम ३ मला महत्त्वाचं वाटतं. बायका आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायला काहीच आडकाठी नाही, असं ते सांगतं. बाळंतपणाची रजा त्यावर उभी आहे. अमेरिकेत दुरुस्तीला विरोध करणाऱ्या फिलिस श्लाफली यांचा धोशा हाच होता की समानता आली तर बायकांची संरक्षणं जातील. आपल्या घटनाकारांनी दोन्ही गोष्टी एकाच कलमात शेजारी लिहून तो वाद सुरुवातीलाच मिटवला. संविधान सभेतल्या हंसा मेहतांनी राखीव जागाही नको म्हटल्या होत्या. पुढं १९९३ मध्ये पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसतात ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

आता घराकडं येऊ.

घटना आल्यावर लगेचच, १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं नरसू अप्पा माळी खटला आला. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी सांगितलं की लग्न, वारसा यांचे धर्मागणिक असलेले वैयक्तिक कायदे हे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत. हा निकाल फारसा कुणाला माहीत नाही. पण समानतेला उंबऱ्याबाहेर उभं करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्यावर टीका पुष्कळ झाली, तरी सर्वोच्च न्यायालयानं तो आजवर सरळ रद्द केलेला नाही. तो रद्द व्हावा असं माझं ठाम मत आहे.

कोर्टाचं दार असं अर्धवट लोटलेलं, त्यामुळं घरात समानता न्यायची तर संसदेनं कायदा करायला हवा. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल त्यासाठीच आणलं. मुलीला मुलाइतका वाटा त्यात होता. ते रखडत गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ चा वारसा कायदा आला, तोही वडिलोपार्जित जमिनीत फक्त मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवून.

याचा हिशोब मी आत्याला बागेवरच मांडून दाखवला. छत्तीस कलमं. आजी आधीच गेलेली, आजोबा १९९१ मध्ये गेले. मागं दोन मुलगे, एक मुलगी. जुन्या कायद्यात आधी आजोबा आणि दोन मुलगे यांचे तीन वाटे पडायचे, बारा-बारा कलमांचे. मुलगी यात नाहीच. मग आजोबांच्या बारांचे तीन वारसांत वाटे, प्रत्येकी चार. भावांना सोळा-सोळा, आत्याला चार.

"चार? म्हंजे गडग्याकडची, माकडां खातत ती," आत्या म्हणाली.

१९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा सुधारला. मुलीलाही जन्मापासून हक्क मिळाला, पण २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला नाही. आत्याचं लग्न १९८३ चं, म्हणजे ती बाहेर. मुलाला मात्र त्याचं लग्न झालंय का, असं कुणीच विचारलं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली. मग वडील त्या तारखेला हयात हवेत का, यावर कोर्टांत पंधरा वर्षं घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हक्क जन्मानं मिळतो, बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलं असेल तर ते मात्र मोडता येत नाही. आमच्याकडं वाटप झालंच नव्हतं, बाग सामाईकच. म्हणजे नवा हिशोब असा: आजोबा आणि तीन मुलं, चार वाटे, नऊ-नऊ कलमं. आजोबांच्या नऊ कलमांतली प्रत्येकाला तीन. एकूण बारा, बारा, बारा.

चारांची बारा झाली ती संसदेच्या कायद्यानं. पण त्या २००५ च्या दुरुस्तीचं कारण काय दिलं होतं? मुलीला वगळणं हा लिंगावरून होणारा भेद आहे आणि त्यानं घटनेनं दिलेला समानतेचा मूलभूत हक्क नाकारला जातो. म्हणजे कलम १४-१५ घरात थेट शिरलं नाही, पण पंचावन्न वर्षं दारात उभं राहून हाका मारत राहिलं.

आमच्याकडं कलम बांधतात ते रायवळाच्या रोपावर. कोयीतून उगवलेल्या रोपाला हापूसची काडी बांधायची. जोड जमला तरी खालून रायवळाची फूट येत राहते, ती खुडत राहावी लागते, नाहीतर तीच जोर धरते आणि वरची काडी सुकते. लोकशाही हे भारताच्या मातीवरचं नुसतं वरखत आहे, असं आंबेडकर नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत म्हणाले होते. शेतीतलाच शब्द त्यांना सुचला.

जोडाखालची सगळ्यांत चिवट फूट म्हणजे हक्कसोड. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, बहिणी ओवशाला येतात, घर भरतं आणि नेमका तेव्हाच कागद निघतो. "सही कर, माहेर तुटायला नको." भाऊबीजेची साडी आणि बारा कलमं यांची अदलाबदल अशी गोड बोलून होते. बहिणीला स्वखुशीनं सोडायचं असेल तर तो तिचा हक्क आहे, त्यात कायदा पडत नाही. पण एवढं माहीत असावं: जमिनीवरचा हक्क तोंडी 'मला नको' म्हणून किंवा तलाठ्यापुढच्या जबाबानं सुटत नाही, त्याला दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला दस्त लागतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी त्यावर ठरत नाही. त्यामुळं नाव उजव्या रकान्यात गेलं म्हणून हक्क मेला असं होत नाही. आणि प्रत्येक घराचं गणित निराळं असतं. आजोबांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली जमीन असेल तर ते मृत्युपत्रानं ती कुणालाही देऊ शकतात, मुलीला पूर्ण वगळूनसुद्धा.

तेरेखोलच्या खाडीपलीकडं गोव्यात हेही चालत नाही. पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यापासून चालत आलेल्या नियमानं मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि मुलंबाळं असतील तर निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं वळवता येत नाही. आरोंद्याची मुलगी आणि पलीकडची मुलगी यांच्यात फरक एका खाडीचा. (त्याच गोव्यात, बायकोला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू नवऱ्याला दुसरं लग्न करू देणारी जुनी तरतूदही होती. तेव्हा फार भुलू नये.)

आणि आपल्या कायद्यात अजून एक भोक आहे, जे मी ऑफिसात समजावून सांगताना दर वेळी अडखळते. मूलबाळ नसलेली विधवा स्वतःच्या पगारातून ब्लॉक घेते आणि मृत्युपत्र न करता जाते. १९५६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो आधी नवऱ्याच्या वारसांकडं जातो, म्हणजे दीर, नणंदा, पुतणे. तिची स्वतःची आई त्यांच्यानंतर. पुरुष गेला तर त्याची आई पहिल्या रांगेत असते. घटनेच्या कलम १५ ची फूटपट्टी या दुसऱ्या कलम १५ ला लावून पाहा, आकडा एकच आहे. तोवर, बायांनो, मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्पसुद्धा लागत नाही.

त्या दिवशी पडवीत काका परत आले तेव्हा म्हणाले, "आमी खंय नाय म्हणतंव?" ते खरंच कधी नाही म्हणाले नव्हते. हो सुद्धा म्हणाले नव्हते. विसर्जनानंतर आत्याचं नाव डाव्या रकान्यात घेण्यासाठी तिघांच्या सहीचा अर्ज झाला. काकांनी सही केली, पण माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. फेरफाराची नोटीस निघालीय, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. आज अकरावा दिवस. काल आत्याचा फोन आला होता, नोटिशीचं तिनं काढलंच नाही. विहिरीकडच्या कलमाला मोहर आला का, तेवढं विचारलं. बाबा म्हणाले, यंदा अजून पालवीच आहे.